डायव्हिंगच्या दिवसांत व्यायाम करावा का? (डीकंप्रेशन सिकनेस, मालवण आणि परतीचा घाट)

मांजराकाठचा (लातूर)

रामराम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही चौघं मित्र डिसेंबरात मालवणला चाललाव. पर्यटक करतात तो वीस मिनिटांचा डाइव्ह नाही, स्कूबा डायव्हिंगचा चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स करायचाय, पैसे भरून झालेत. माझं असंय की मी पहाटे पाचला उठून रोज आठ किलोमीटर पळतो, संध्याकाळी जिम, सहा वर्षांत आजारपण सोडलं तर खाडा नाही. गावातल्या पोरांची भरतीची तयारी पण मीच घेतो. परवा तिथल्या इन्स्ट्रक्टरला फोनवर सहज म्हणलं, सर सकाळी बीचवर पळतो, मग डाइव्ह, संध्याकाळी पुशअप-पुलअप, तर ते एकदम गंभीर झाले. म्हणले डाइव्हनंतर व्यायाम अजिबात करायचा नाही, आदल्या रात्री पण पाय गळेपर्यंत पळायचं नाही. का म्हणून विचारलं तर "नायट्रोजन" एवढं बोलले आणि त्यांची रेंज गेली.

मग मी वाचायला बसलो आणि जास्तच गोंधळ झाला. एका ठिकाणी लिहिलंय व्यायामानं डीकंप्रेशन सिकनेसचा (खोल पाण्यातनं वर आल्यावर अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन येणारा आजार) धोका वाढतो, दुसरीकडं लिहिलंय कमी होतो. दोन्ही कसं खरं असंल? कुणाला अनुभव असंल तर सविस्तर सांगा. आणि हो, शेवटचा डाइव्ह चौथ्या दिवशी बाराला संपतो, तीनला गाडी काढून रात्रीतून लातूर गाठायचं ठरलंय, त्यात काही अडचण नाही ना?

शेंगदाण्याची_पोळी (बीड)

रुमाल टाकून ठेवते. आमच्या मराठवाड्यात समुद्रावर धागा निघाला म्हणून आधी आनंद झाला, प्रश्न वाचून काळजी वाटली.

देशी_तालीम (जालना)

भाऊ काही होत नाही. मी तारकर्लीला दोनदा डाइव्ह केलाय, सकाळी दोनशे जोर मारून गेलतो, संध्याकाळी परत मारले. अंगात रग असली की रक्त पळतं, रक्त पळालं की गॅस निघून जातो, साधं गणित आहे. हे आजार पोट सुटलेल्यांना होतात. व्यायाम सोडू नका, बाकी मजा करा.

सात_परस (केज)

देशी_तालीमशी सहमत. आमची विहीर सात परस खोल, लहानपणापासून काठावरून सूर मारायलो, मोटरीचा फुटबॉल (पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह) गाळात अडकला की बुडी मारून मीच काढायचो, दिवसातून दहा-बारा बुड्या. कधी सांधा दुखला नाही की काही नाही. वर आलं की लगेच दोरानं मोटर ओढायची, म्हणजे व्यायाम पण झालाच की.

डॉ_गोदाकाठ (नांदेड)

सात_परस, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो वेगळ्या गोष्टीचा आहे. विहिरीत तुम्ही छातीत भरून नेलेला एकच श्वास वापरता. एक मिनिटाची बुडी, त्या एका श्वासात नायट्रोजन असून असून किती असणार. स्कूबात माणूस तळाशी बसून तीस-चाळीस मिनिटं सिलिंडरमधली हवा घेतो आणि ती हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानं मिळते. दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे तीस मीटरवर प्रत्येक श्वासात वरच्या चौपट हवा आत जाते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, शरीराला त्याचा काही उपयोग नाही, तो रक्तात आणि तिथून मांसात, चरबीत विरघळत राहतो. श्वास रोखून जाणाऱ्यांना हा त्रास अजिबात होत नाही असं मात्र नाही. पॅसिफिकमधल्या तुआमोटू बेटांवरचे मोतीवाले दिवसभर एकामागून एक खोल बुड्या मारायचे, त्यांच्यात चक्कर, लकवा दिसायचा, त्याला ते लोक तारावाना म्हणतात.

आता मूळ प्रश्न. रानाच्या भाषेत सांगतो. मुरमाड रानाला पाणी दिलं की लगेच पितं आणि लगेच वाफसा येतो. काळं रान हळू भिजतं, पण एकदा भिजलं की चार दिवस पाय घालता येत नाही. शरीरात मेंदू, मूत्रपिंडं अशी भरपूर रक्त मिळणारी अंगं मुरमाड, आणि चरबी, सांधे, कूर्चा ही काळी रानं. रक्त म्हणजे पाट. विश्रांतीत स्नायूंकडं पाट बारीक वाहतो, व्यायाम सुरू झाला की दार सताड उघडतं.

म्हणून व्यायाम कधी केला यावर सगळं आहे. तळाशी असताना प्रवाहाविरुद्ध पाय मारत राहिलात तर दार उघडं ठेवून रान भिजवायलात, नायट्रोजन जास्त भरणार. वर येताना, पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्यात (याला सेफ्टी स्टॉप म्हणतात), हलकेच हातपाय हलवले तर तोच पाट निचऱ्याला मदत करतो. आणि वर आल्यावर? तेव्हा दाब उतरलेला असतो, रक्तात बारीक बुडबुडे बऱ्याच जणांना होतात, तब्येत ठणठणीत असली तरी होतात, फुप्फुसं ते गाळून टाकतात. अशा वेळी तुम्ही पुलअप मारलात की स्नायू ताणले जातात, सांध्यात पृष्ठभाग एकमेकांपासून ओढले जातात, नवे बुडबुडे धरायला जागा मिळते. त्यात श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि तो सोडताच हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब घटकाभर डावीकडच्यापेक्षा वर जातो. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात दोन्ही बाजूंमध्ये जन्मापासूनची एक फट पूर्ण मिटलेली नसते. एरवी तिचा काही त्रास नाही. पण त्या क्षणी बुडबुडा फुप्फुसाची चाळण चुकवून थेट धमनीत, तिथून मेंदूत किंवा मणक्यात जाऊ शकतो.

तुमच्या इन्स्ट्रक्टरांनी "नायट्रोजन" म्हणून फोन ठेवला, त्यांना एवढं सगळं म्हणायचं असावं.

उस्मानाबादी (धाराशिव)

डॉक्टरसाहेब, मुरमाड आणि काळं रान, एक नंबर. वाचनखूण साठवली.

याच विषयातली एक गोष्ट आमच्या जिल्ह्याला जवळची आहे. हे जे टेबल असतात, किती खोल गेलं तर किती वेळ थांबायचं, त्याचा पाया जॉन हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये घातला आणि त्यानं प्रयोग शेळ्यांवर केले. शेळीला दाबाच्या खोलीत ठेवायचं, बाहेर काढायचं आणि ती पुढचा पाय उचलून धरते का बघायचं, पाय उचलला म्हणजे सांधा दुखतोय. त्यानंही शरीराचे पाच भाग कल्पिले होते, ५ मिनिटांत निम्मा भरणारा, मग १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांवाला. म्हणजे डॉक्टरांची मुरमाड-काळी जमीनच झाली की. आमच्या उस्मानाबादी शेळ्या तेव्हा तिकडं असत्या तर पाय उचलायच्या आधी शास्त्रज्ञाचं टेबलच खाऊन टाकलं असतं.

शेंगदाण्याची_पोळी (बीड)

@उस्मानाबादी, हसून हसून पुरेवाट. आणि शेळीचं वाईट पण वाटलं.

देशी_तालीम (जालना)

डॉक्टर, तुमचा मान राखून बोलतो, पण मांजराकाठचा यांनीच लिहिलंय की व्यायामानं धोका कमी होतो असं पण संशोधन आहे. ते काऊन सोडलं तुम्ही?

खाऱ्या_पाण्यातला_परभणीकर

हा धागा वाचल्यावर लिहायला बसलोच. जरा मोठं होईल.

मी अंदमानात स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, दोन सीझन डाइव्हमास्टर म्हणून काम केलंय. तेव्हा वय २६, पोट सपाट, रोज व्यायाम. देशी_तालीम भाऊ, तुम्ही जे लिहिलंत ना, अगदी तेच मी बोलायचो. दुसऱ्या सीझनला एका दिवशी तिसरा डाइव्ह झाला, जास्तीत जास्त खोली २४ मीटर, मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरच्या मर्यादेत, वर यायचा वेग बरोबर, सेफ्टी स्टॉप केलेला. एकही नियम मोडला नव्हता. वर आलो तर नांगर खडकात अडकलेला. मी आणि बोटीवरचा पोरगा, दोघांनी पंधरा मिनिटं दोर हातानं ओढला, दात-ओठ खाऊन. ओहोटी होती, बोट लांबच लागली, मग गुडघाभर पाण्यातून सिलिंडर किनाऱ्यावर न्यायचे, एकेक पंधरा-सोळा किलोचा, दोन्ही खांद्यांवर एकेक. आठ नेले.

संध्याकाळी उजवा खांदा दुखायला लागला. दुखणं विचित्र होतं. मुरगळलं तर हात हलवला की कळ येते, दाबलं की दुखतं. इथं हात कसाही ठेवा, तेवढंच दुखणार, हाडाच्या आतून, दाढ ठणकल्यासारखं. बाम चोळला, गोळी खाल्ली, झोपलो. रात्री बाराच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो तर स्टीलचा ग्लास हातातून निसटला. वाकून उचलायला गेलो तर करंगळी आणि शेजारच्या बोटाला तो गार लागतच नव्हता.

सकाळी मालकाला सांगितलं तर तो म्हणला रात्री वजनं मारली असशील. एका जुन्या डायव्हरनं मात्र काही न बोलता ऑक्सिजनची किट काढली आणि मास्क लावला. पाऊण तासात दुखणं निम्मं झालं. तेव्हा तो म्हणला, मुरगळलेला खांदा ऑक्सिजननं बरा होत नसतो, चल ऊठ. फेरीनं पोर्ट ब्लेअर, आता श्री विजयपुरम म्हणतात, तिथं चेंबर. लोखंडी टाकीत आडवं करतात, आत १८ मीटर खोलीइतका दाब आणि मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, मधेमधे साधी हवा, मग हळूहळू दाब उतरवत आणतात. सगळं मिळून पावणेपाच तास. दाब वाढताना आत भट्टीसारखं तापतं. उशाशी पाण्याची रिकामी बाटली राहिलती, ती डोळ्यांदेखत कडकड करत चपटी झाली. तिच्याकडं बघूनच मला पहिल्यांदा कळलं की दाब म्हणजे काय, चारशे डाइव्ह करून सुद्धा तोवर कळलं नव्हतं.

बोटं परत ठीक व्हायला तीन आठवडे गेले. नंतर पुण्यात तपासणी केली, डॉक्टर सांगतात ती हृदयातली फट माझ्यात निघाली. आईला आजपर्यंत खरं सांगितलेलं नाही, खांदा मोडला होता एवढंच सांगितलंय.

मांजराकाठचा भाऊ, तुमचे सहा वर्षांचे खाडे-बिनखाडे मी समजू शकतो, पण ते चार दिवस संध्याकाळी एकही पुलअप मारू नका. आणि सिलिंडर उचलायला कुणी पुढं आलं तर उचलू द्या, लाजू नका.

देशी_तालीम (जालना)

बाप रे. दादा, माफ करा, मी सहज लिहून गेलो. आता खांदा कसा आहे?

खाऱ्या_पाण्यातला_परभणीकर

अरे माफी कशाची, मी पण तेच बोलत होतो म्हणलं ना. खांदा बरा आहे, पोरीला उचलून फिरतो.

डॉ_गोदाकाठ (नांदेड)

परभणीकर, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलं. अमेरिकी नौदलाच्या नोंदींत ४२ टक्के रुग्णांना पहिल्या तासात, ६० टक्के तीन तासांत, ८३ टक्के आठ तासांत आणि ९८ टक्के लोकांना २४ तासांच्या आत लक्षणं दिसली होती. म्हणजे डाइव्हनंतरच्या चोवीस तासांत कुठलाही नवा ठणका, मुंग्या, चक्कर, अंगावर जाळीसारखे चट्टे, लघवी अडकणं, न कळणारा थकवा आला तर आधी हाच संशय घ्यायचा. जिममुळं असंल म्हणून सोडायचं नाही. व्यायाम न करण्याचं हेही एक कारण आहे, संध्याकाळी वजनं मारली तर दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा गुंता कुणालाच सुटत नाही.

देशी_तालीम, तुमचा प्रश्न टाळला नव्हता, वेळ मिळाला नव्हता. ते संशोधन खरं आहे. नॉर्वेत विस्लॉफ आणि ब्रुबाक यांनी उंदरांवर बघितलं की दाबाखाली नेण्याच्या साधारण २० तास आधी दमदार पळवलेल्या उंदरांत बुडबुडे कमी झाले. मग २००४ मध्ये क्रोएशियातल्या दुयिच आणि त्यांच्या गटानं १२ सैनिकी डायव्हर घेतले, २४ तास आधी ट्रेडमिलवर जोरात पळवलं आणि दाबाच्या खोलीत १८ मीटरइतक्या खोलीवर नेलं. न पळता केलेल्या डाइव्हपेक्षा पळून केलेल्या डाइव्हनंतर बुडबुडे कमी निघाले. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइडमुळं काही बदल होत असावा असा अंदाज आहे. पुढं फ्रान्समध्ये दोन तास आधीच्या मध्यम पळण्याचाही फायदा दिसला.

पण मोजले ते बुडबुडे. बुडबुडे कमी म्हणजे आजार नक्की टळला असं म्हणता येत नाही. आणि हे सगळं डाइव्हच्या आधीच्या व्यायामाचं आहे. त्यावरून नंतरच्या पुलअपला परवानगी मिळत नाही.

आणि एक, पोट सुटलेल्यांना होतो हे अर्धंच खरं आहे. चरबीत नायट्रोजन पाण्यापेक्षा किती तरी जास्त विरघळतो, म्हणून तंदुरुस्त माणूस सरासरीनं फायद्यात असतो, पण परभणीकरांचं पोट सपाटच होतं.

तुळशीकट्टा (हिंगोली)

मी योगवर्ग घेते. माझा एक भाबडा प्रश्न, प्राणायाम चालतो का? आमच्या वर्गातले एक काका अंदमानला चाललेत, ते म्हणाले मी खाली कुंभक करणार म्हणजे हवा जास्त पुरेल.

खाऱ्या_पाण्यातला_परभणीकर

ताई, काकांना आजच फोन करा! पाण्याखाली स्कूबावर असताना श्वास रोखायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा पहिला नियम. तळाची दाबातली हवा छातीत कोंडून माणूस वर आला तर ती फुगते, दहा मीटरवरून वरपर्यंत दुप्पट, आणि फुप्फुस फाटू शकतं. त्याला नायट्रोजनची आणि वेळेची गरज नाही, दोन-तीन मीटरवरून सुद्धा होतं. तारकर्लीच्या उथळ डाइव्हला डीकंप्रेशन सिकनेसची शक्यता नगण्य, पण हा धोका तिथंही आहे. जमिनीवर रोज प्राणायाम जरूर करा, त्यानं माणूस पाण्यात घाबरत नाही, श्वास संथ राहतो, हवा आपोआप पुरते. नवीन माणूस जेवढी हवा धडपडीत घालवतो ना, ती धडपड म्हणजेच डॉक्टर म्हणतात तो तळाशी केलेला व्यायाम.

तुळशीकट्टा (हिंगोली)

केला फोन. काकांनी तीनदा विचारलं "नक्की का?" मी तीनदा नक्की म्हणाले.

सात_परस (केज)

विषयांतर होईल, पण आमच्या शेजारच्या गावात विहिरीत उतरलेली दोन माणसं गेली, पंप दुरुस्त करायला उतरले आणि वर आलेच नाहीत. लोक म्हणायले गॅसनं गेली. तो हाच गॅस का?

डॉ_गोदाकाठ (नांदेड)

नाही हो. तो प्रकार वेगळा आणि जास्त घाईचा. बंद, वापरात नसलेल्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड किंवा कुजलेल्या गाळाचा हायड्रोजन सल्फाइड साचतो, तो जड असतो, तळाशी बसतो, ऑक्सिजन उरत नाही. आत डिझेल इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड. पहिला माणूस पडला की दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही जातो. कुणी पडलेलं दिसलं तर दोर आणि मदत येईपर्यंत उतरू नका. यावर स्वतंत्र धागा काढा, मी लिहीन, आपल्याकडं त्याची खरी गरज आहे.

नाथसागर (पैठण)

मी अग्निशमन दलात आहे, कुठल्या गावच्या ते राहू द्या. धरणात, तलावात बुडालेल्यांना शोधायला आम्ही उतरतो. वरचं सगळं वाचून रात्री झोप आली नाही. आमचं काम असं की खाली दिसत काही नाही, हातानं चाचपत गाळ, झाडाच्या फांद्या, जाळी बाजूला सारत पुढं सरकायचं, म्हणजे तळाशी पूर्ण ताकदीचं काम. मग सापडलेलं माणूस वर आणायचं. मग सगळा संच अंगावर घेऊन धरणाच्या दगडी उतारावरून वर चढायचं, कारण वर नातेवाईक उभे असतात आणि त्यांच्यासमोर बसून राहणं बरं दिसत नाही. परत दुसरी फेरी. १२-१५ मीटरच्या खाली सहसा जात नाही, पण दिवसात चार-पाच वेळा जातो. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. माझा एक सहकारी वर आल्यावर नेहमी म्हणायचा गुडघे धरलेत, आम्ही म्हणायचो गार पाण्यानं.

आमच्यासारख्यांनी काय करावं?

डॉ_गोदाकाठ (नांदेड)

दादा, तुम्ही जे काम करता त्याला आधी नमस्कार.

तुमच्याकडं तिन्ही गोष्टी एकत्र येतात, तळाशी कष्ट, वारंवार फेऱ्या आणि वर आल्याबरोबर चढ. चढ तेवढा तुमच्या हातात आहे. वर आल्यावर संच दुसऱ्यानं न्यायचा, डायव्हरनं काठावर अर्धा तास बसायचं, पाणी प्यायचं. दलातल्या साहेबांना सांगा की डायव्हर आणि ओझं वाहणारा ही दोन वेगळी माणसं लागतात. फेऱ्यांमध्ये अंतर वाढवा, जमलं तर सर्वांत खोल फेरी पहिली ठेवा. काठावर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मास्क असू द्या. सहकाऱ्याच्या गुडघ्याची एकदा नीट तपासणी करून घ्या. वर्षानुवर्षं दाबात काम करणाऱ्यांच्या खांद्याचं, मांडीचं हाड आतून झिजू शकतं.

पुलाखालून (छत्रपती संभाजीनगर)

नाथसागर दादांच्या पोस्टमध्ये अजून एक गोष्ट दडलेली आहे. जायकवाडी पूर्ण भरलं की पाण्याची पातळी १५२२ फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ४६४ मीटर. डायव्हिंगची नेहमीची टेबलं समुद्रसपाटीची आहेत, ३०० मीटरच्या वर गेलं की उंचीवरचा डाइव्ह धरतात आणि आकडे बदलतात, कारण वर येऊन माणूस ज्या हवेत डोकं काढतो तिचाच दाब कमी असतो. तुमचे १५ मीटर टेबलात जवळपास १६ धरायला हवेत. फरक थोडा आहे पण तो नेहमी तुमच्या विरुद्धच जातो.

मी पुलांच्या कामातला माणूस, आमच्या धंद्यात हा आजार समुद्राच्याही आधी आला. नदीत पाया घालायचा तर मोठी पेटी उपडी बुडवायची, आत दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवायचं आणि तळाशी माणसं फावड्यानं खणायची. कष्टाचं काम आणि तेही दाबात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनीयर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये या आजारानं अंथरुणाला खिळला, पुढची अकरा वर्षं तो खिडकीतून दुर्बिणीनं काम बघायचा आणि त्याची बायको एमिली रोज साइटवर जाऊन सूचना द्यायची. पूल १८८३ मध्ये खुला झाला. मजूर दुखण्यानं वाकून चालायचे, त्यावरूनच या आजाराला बेंड्स म्हणतात.

पण माझा मुद्दा पहिल्या पोस्टमधल्या शेवटच्या ओळीचा आहे, ती सगळ्यांच्या नजरेतून सुटली. मांजराकाठचा, तुम्ही बाराला पाण्यातून बाहेर येणार आणि तीनला गाडी काढून लातूरला निघणार. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, एकच डाइव्ह असेल तर १२ तास आणि अनेक दिवस अनेक डाइव्ह असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही, कारण केबिनमधला दाब जवळजवळ २४०० मीटर उंचीइतका कमी असू शकतो. आपण विमानानं जात नाही म्हणून आपल्याला वाटतं सुटलो. पण आपलं घरच वर आहे! आंबोलीनं आलात तर सातशे मीटरच्या आसपास, फोंड्यानं किंवा गगनबावड्यानं या, कोल्हापूरच साडेपाचशेच्या वर, आणि लातूर सहाशेच्या पुढं. कोकणातला माणूस डाइव्ह करून घरी जातो तो समुद्रसपाटीलाच राहतो. मराठवाड्याचा माणूस डाइव्ह करून दोन-तीन तासांत घाट चढतो आणि मग खाली येतच नाही.

डॉ_गोदाकाठ (नांदेड)

पुलाखालून, हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं, आभार. अमेरिकी नौदलाच्या नियमपुस्तकात डाइव्हनंतर किती उंचीवर किती वेळानं जायचं याचं वेगळं कोष्टकच आहे, आणि ते १००० फुटांपासून, म्हणजे ३०० मीटरपासून सुरू होतं. सहाशे-सातशे मीटरला विमानाइतकी वाट बघावी लागत नाही, उथळ एखादा डाइव्ह असेल तर जवळजवळ नाहीच. पण चार दिवस रोज डाइव्ह, काळं रान भिजलेलं, मग रात्रभर न झोपता गाडी, पाणी कमी प्यायलेलं, वाटेत टायर बसला तर जॅक लावून नट सोडवणं आलंच. मी तर एक मुक्काम वाढवा असंच म्हणेन.

शेंगदाण्याची_पोळी (बीड)

आमचे हे गेल्या वर्षी मालवणहून डाइव्ह करून थेट बीडला आले, घरी आल्यावर कढत पाण्यानं अंघोळ केली आणि दोन दिवस अंग दुखतंय म्हणून झोपून होते. आता मला वाटायला लागलंय.

खाऱ्या_पाण्यातला_परभणीकर

ताई, एकच उथळ डाइव्ह आणि तेरा-चौदा तासांचा प्रवास असेल तर अंगदुखी बहुतेक प्रवासाचीच. घाबरू नका. पण कढत अंघोळीचं बरोबर पकडलंत, डाइव्हनंतर लगेच ती टाळायची. गरम झालेल्या कातडीत गॅस कमी विरघळतो, तिथं बुडबुडे सुटतात. कोमट चालतं.

मांजराकाठचा (लातूर)

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. परभणीकर दादा, तुमची पोस्ट चौघांनाही वाचून दाखवली, स्टीलच्या ग्लासापाशी सगळे गप्प झाले.

आता आमचं असं ठरलंय. निघायच्या दोन दिवस आधी शेवटचं जोरदार पळणं, नंतर नाही. तिथं सकाळी वाळूतनं नुसतं चालायचं. जिम चार दिवस बंद, म्हणजे पाचवा धरून पाच, आणि ही सहा वर्षांतली पहिली सुट्टी मी स्वतःहून घ्यायलोय. शेवटच्या डाइव्हनंतर मालवणलाच मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी नाष्टा करून निघायचं, म्हणजे १८ तास होऊन जातात. एका मित्राची सुट्टी संपायली, त्यानं आधी कुरकुर केली, मग साहेबाला फोन लावला. आणि इन्स्ट्रक्टरला विचारून ठेवलं की जवळचा चेंबर कुठं, नंबर कुणाचा. ते म्हणले आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.

डॉ_गोदाकाठ (नांदेड)

उत्तम. ओपन वॉटरला १८ मीटरची मर्यादा आहे, वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जोरात येऊ नका, एवढं सांभाळलं तर काळजीचं कारण नाही. अशा डाइव्हमध्ये हा आजार क्वचितच होतो. मनसोक्त बघून या.

नाथसागर (पैठण)

आमच्या साहेबांना धागा दाखवला. पुढच्या कॉलपासून संच वाहायला दोन पोरं वेगळी मिळणार आहेत. सहकाऱ्याचा एमआरआय सोमवारी आहे. कळवतो.

मांजराकाठचा (लातूर)

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. कोर्स झाला, चौघंही पास. शेवटच्या डाइव्हला १७ मीटरवर गेलतो, खडकाच्या कपारीत एक मुरे ईल तोंड उघडझाप करत बसली होती, मी हलायचंच विसरलो, इन्स्ट्रक्टरनं फिन ओढून पुढं नेलं. तळाशी प्रवाह होता, पहिल्याच मिनिटाला सवयीनं जोरात पाय मारायला लागलो, मग पाट आठवला आणि खडकाच्या आडोशानं हळू गेलो. वर आल्यावर सिलिंडर उचलायला वाकलो तर तिघांनी एकदम आवाज दिला. खाली ठेवला.

आत्ता कोल्हापूर, सोलापूर करत तुळजापूरपर्यंत पोचलाव, चहा घ्यायलोय. खांदे, बोटं, सगळं ठीक.

खाऱ्या_पाण्यातला_परभणीकर

छान. उद्या सकाळी पण बोटं बघून एक मेसेज टाक. पळायला परवापासून जा.